यादीत एक तरी नाव हवं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची, परदेशात पीएचडी करण्यासाठी काढलेली अठरा विद्यापीठांची यादी मिळाली. यादी रँकिंगप्रमाणे नेटकी लावली आहेस, पण तिच्यात एकाही माणसाचं नाव नाही. मी तिथेच अडलो.

मास्टर्ससाठी विद्यापीठ बघून गेलं तरी निभावतं. पीएचडीला गाइड बघावा लागतो. जर्मनीत गाइडला ‘डॉक्टरफाटर’ म्हणतात, म्हणजे डॉक्टरेटचा बाप. बाई असतील तर ‘डॉक्टरमुटर’. शब्द जुनाट आहे, पण नातं नेमकं सांगतो. खरा बाप निवडता येत नाही, हा येतो, तर ती संधी का घालवायची?

गेल्या तीन-चार वर्षांतले तुझ्या विषयातले पेपर काढ. जे वाचताना वाद घालावासा वाटला, ते लिहिणाऱ्यांची नावं टिपून ठेव. मग त्यांचे जुने विद्यार्थी शोध. कोण किती वर्षांत संपवून गेलं, कोणाचं नाव मध्येच गायब झालं, ते बघ. सोडून गेलेला एखादा भेटला तर त्याच्याशी आधी बोल. सध्याचे विद्यार्थी मेलवर गोडच लिहितात. त्यांना फोनवर विचार, “चॅप्टर दिला की वाचून परत यायला किती दिवस लागतात?” उत्तराआधी जी शांतता पसरेल, ती नीट ऐक.

हे मी पोळून शिकलो. माझे पहिले गाइड दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले. त्यांच्यामागे जावं की राहावं, यात माझे चार महिने गेले. राहिलो, अर्धा विषय बदलला, एक वर्ष वाढलं. चूक त्यांची नव्हती. विचारायचं मी विसरलो होतो. तू ऑफर घेण्याआधी विचार: गाइड गेले तर माझं कोण बघणार? पैसे त्यांच्या ग्रँटमधून येणार की विभागाकडून? ते किती वर्षं मिळणार? फंडिंगशिवायची पीएचडी घेऊ नकोस, विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो.

आता गाइडना पाठवायला तू लिहिलेल्या मेलकडे येतो. ‘आपल्या थोर संशोधनाने प्रभावित होऊन’ हे वाक्य काढून टाक. ते त्यांच्याकडे इतक्यांदा येतं की नजर आपोआप पुढे सरकते. त्याऐवजी लिही, की तुमच्या अमुक पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत शेवटचे दोन बिंदू रेषेपासून लांब पडले आहेत, त्याचं कारण मला असं वाटतं. चार ओळी त्यावर, दोन ओळी स्वतःच्या कामावर, सोबत सीव्ही. बस. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर आणि पुढच्या नावाकडे वळ. मनाला लावून घेऊ नकोस.

देशादेशांची रीत वेगळी आहे, म्हणून एकच अर्ज सगळीकडे चालत नाही. अमेरिकेत बॅचलर्सनंतर थेट जाता येतं. सुरुवातीला कोर्सेस, मग क्वालिफायिंग परीक्षा, एकूण पाच-सहा वर्षं सहज जातात. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास बंद होतात. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला एक संकेत आहे: आर्थिक मदतीच्या ऑफरला 15 एप्रिलच्या आत होकार द्यायची सक्ती नाही. कोणी घाई केली तर हे लक्षात ठेव. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांत आटोपतं, पण बहुतेकदा संशोधनाचा प्रस्ताव आधीच लिहून न्यावा लागतो. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये ही बहुधा चक्क नोकरी असते. जाहिरात निघते, मुलाखत होते, पगार मिळतो. युरोपीय संघाच्या मारी क्यूरी डॉक्टरल नेटवर्कची, म्हणजे पीएचडीला पैसे देणाऱ्या योजनेची, एक मेख बघून ठेव. ज्या देशात जायचं, तिथे मागच्या 36 महिन्यांत 12 पेक्षा जास्त महिने राहिलेलं चालत नाही. म्हणजे आधी तिथेच मास्टर्स करायला गेलास तर त्या देशापुरतं ते दार बंद होऊ शकतं.

पीएचडी पूर्ण करण्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. बरोबरच आहे, आत्ता कोण विचारतो! पण पहिल्या वर्षापासून लिहायला लाग. ‘आधी काम, मग लिखाण’ म्हणणारे माझ्या ओळखीत दोघे आहेत आणि दोघांचंही अजून लिखाण चालू आहे. दर आठवड्याला एक पान, वाईट लिहिलेलं असलं तरी चालेल, आणि ते गाइडला दाखवायचं. वहीत प्रत्येक आकृतीची तारीख आणि ती कोणत्या डेटावरून काढली ते टिपून ठेवायचं.

माझ्या व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक थिसिसला पिवळ्या चिठ्ठ्या लावून आले होते. निष्कर्षावर झोडपतील म्हणून मी रात्रभर तेच घोकलं होतं. पहिली चिठ्ठी निघाली पान 14 वर: “या अक्षावरचं एकक मधेच का बदललंय?” आकृती चार वर्षांपूर्वीची. कारण वहीत होतं आणि वही घरी. बंद खोलीत तीन तास गेले, मग किरकोळ दुरुस्त्या आणि त्यासाठी तीन महिने. नेदरलँड्समधल्यांचा मला तेव्हापासून हेवा वाटतो. तिथे थिसिसचा बचाव सगळ्यांसमोर होतो, तासाभराने पेडेल, म्हणजे विद्यापीठाचा समारंभ सांभाळणारा अधिकारी, येऊन ‘होरा एस्ट’, म्हणजे ‘वेळ झाली’, असं म्हणतो आणि वाक्य अर्धं राहिलं तरी प्रश्नोत्तरं तिथेच थांबतात.

असो. यादी परत पाठवतोय. प्रत्येक विद्यापीठासमोर एक तरी नाव आणि त्या व्यक्तीचा तू पूर्ण वाचलेला एक पेपर लिही. ज्यांच्यासमोर काही लिहिता येणार नाही ती खोडून टाक. पाच उरली तरी पुष्कळ झाली. तुझी एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, मी त्यानंतरच वाचेन.

तुझा,
जुना मास्तर