वाचक विचारतात : दाढीचा साबण नव्या वाटीत

ग्लिसरीनचा पारदर्शक दाढीचा साबण वितळवून दुसऱ्या भांड्यात ओतण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. म्हणून या वेळी तेवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : माझ्याकडे १०० ग्रॅमची ग्लिसरीनची गोल वडी आहे. तिची प्लास्टिकची डबी तडकली, म्हणून महाद्वार रोडवरून स्टीलची वाटी आणली. वडी तिच्यात नीट बसत नाही, ब्रश फिरवला की तीही गरगर फिरते. वितळवून ओतली तर चालेल का? नक्की कसं करायचं?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : चालेल. पण वडी खरोखर वितळणाऱ्या जातीची आहे का, ते आधी बघून घ्या. शेंगदाण्याएवढा तुकडा कापून चमच्यात ठेवा आणि चमचा गरम पाण्याच्या वाटीवर तरंगल्यासारखा धरा. चार-पाच मिनिटांत तुकड्याचं तेलासारखं पातळ, स्वच्छ पाणी झालं तर पुढं जा. तुकडा नुसताच मऊ पडून कणकेसारखा लिबलिबीत झाला, तर तो वितळवायचा साबण नव्हे. त्याची रीत वेगळी आहे, खाली दिली आहे. वेष्टनावर प्रॉपिलीन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, सुक्रोज असे घटक दिसले तर बहुधा काम सोपं. तरी वेष्टनापेक्षा चमचा खरं बोलतो.

आता वाटीचं माप. वितळलेला १०० ग्रॅम साबण साधारण १०० मिलिलिटरपेक्षा थोडी कमी जागा घेतो. वाटीचा आतला व्यास ७.५ सेंटीमीटर असेल तर थर सव्वादोन सेंटीमीटरच्या आतबाहेर येईल, ६ सेंटीमीटर असेल तर साडेतीनच्या जवळ. थराच्या वर काठापर्यंत निदान दीड-दोन सेंटीमीटर मोकळं हवं, नाहीतर फेस हातावरून मनगटापर्यंत जातो. खात्री करायची तर वाटीत १०० मिलिलिटर पाणी ओतून बघा आणि पाणी काढल्यावर वाटी अगदी कोरडी पुसा. भांड्याच्या दुकानात जाताना ब्रश खिशात घेऊन गेलात तर उत्तम. केस पसरून टेकले की ब्रशला किती जागा लागते, ते तिथंच कळतं. आमटीच्या वाटीसारखी वर रुंद होत जाणारी वाटी टाळा, सरळ भिंतीची घ्या. कारण पुढं येईलच.

वडी वापरलेली असेल तर वरचा फेसाचा थर आणि चिकटलेले केस चाकूनं तासून टाका, आणि वडी पंख्याखाली दोन दिवस वाळवा. ओली वडी वितळवली तर ते पाणी साबणात राहतं. वाटीत थर मऊ होतो आणि निम्म्या दिवसांत संपतो.

वडीचे एक सेंटीमीटरचे तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी तापवा. उकळी फुटायच्या आधीच आच मंद करा, आणि पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठं स्टीलचं भांडं वर ठेवा, म्हणजे वाफ साबणात जात नाही. तुकडे घालून वर ताटली झाका. ताटलीखाली जमलेले थेंब उघडताना बाजूला झटका, आत पडू देऊ नका. १०० ग्रॅमला दहा-बारा मिनिटं पुरतात. चमचा हळू फिरवा, ताक घुसळल्यासारखा नको. घुसळलं की बुडबुडे अडकतात, आणि पारदर्शक साबणात ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दिसतात. शेवटचे दोन-चार तुकडे अख्खे असतानाच गॅस बंद करा. राहिलेल्या उष्णतेत ते विरघळतात.

साबण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला पातळ होतो, ७० च्या पुढं न्यायचाच नाही. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर असेल तर वापरा. ताप मोजायचा घालू नका, तो ४२-४३ अंशांपर्यंतच मोजतो आणि काचेचा असेल तर फुटेल. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. ढवळणं थांबवल्यावर भांड्याच्या कडेला दुधाच्या सायीसारखं पातळ कातडं धरू लागलं की ओतायची वेळ झाली. ते कातडं चमच्यानं बाजूला सारा, वाटी कोमट करून घ्या आणि साबण एका धारेत, कडेवरून सोडा. वर फेसाळ बुडबुडे आले तर मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक-दोन फवारे मारा, लगेच फुटतात. हे करताना गॅस बंद आणि जवळ ज्योत नको, अल्कोहोल पेट घेतं.

पंधरा मिनिटांत वर कातडं येतं, दोन तासांत थर घट्ट होतो, पण ब्रश दुसऱ्या दिवशीच लावा. घाई म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर दव जमतं. ढवळायच्या भांड्याला तीन-चार ग्रॅम साबण चिकटून राहतो. तो वाया घालवायचा नसेल तर एक युक्ती आहे : वाटी स्टीलचीच असल्यानं तुकडे थेट वाटीत घालून ती गरम पाण्यात ठेवा आणि जागा होईल तसे उरलेले तुकडे घाला. मात्र वाटीत पाणी शिरता कामा नये.

काही आठवड्यांनी साबणातलं पाणी उडून थर आकसतो आणि भिंत सोडतो. उतरत्या भिंतीच्या वाटीत तो वर सरकून पुन्हा गरगरतो, सरळ भिंतीत किंवा काठ आत वळलेल्या डबीत अडकून राहतो. सुटलाच तर फटीत चमचाभर वितळलेला साबण ओता, झालं.

प्रश्न : मी थेट गॅसवर ठेवून वितळवला. जरा वेळ लक्ष गेलं तर उकळला. आता साबण पिवळट, ढगाळ आणि रबरासारखा झालाय, जळका वासही येतो. काही करता येईल का?
— उचगाव

उत्तर : पारदर्शकपणा परत येणार नाही. साबणाचे अगदी बारीक स्फटिक ग्लिसरीन, साखर आणि अल्कोहोलसारख्या द्रावकांनी वेगवेगळे धरून ठेवलेले असतात, म्हणून प्रकाश आरपार जातो. उकळी आली की पाणी आणि अल्कोहोल उडतं, स्फटिक मोठे होतात आणि वडी दुधाळ होते. साखर करपली तर रंग आणि वास. गुऱ्हाळावर पाक पुढं गेला की काहिली मागं नेता येत नाही, तसंच हे. मात्र फक्त ढगाळ आणि रबरासारखा झाला असेल, जळका वास नसेल, तर १०० ग्रॅमला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घालून पाण्यावरच्या भांड्यात पुन्हा मंद वितळवा. वापरण्याजोगा होतो, दिसायला काही चांगला होणार नाही. जळका वास असेल तर चेहऱ्याला लावू नका, बेसिन घासायला ठेवा.

मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर काचेच्या भांड्यात, निम्म्या शक्तीवर आधी २० सेकंद, मग १०-१० सेकंद, मधे दरवेळी ढवळून. तिथं तर साबण डोळ्यांदेखत उकळतो. आणि उकळता साबण हातावर पडला तर पुसत बसू नका, तो चिकटतो. आधी २० मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली हात धरा.

प्रश्न : आजोबांची पितळी दाढीची वाटी आहे, कल्हई उडाली आहे. तिच्यात साबण ओतला तर?
— गंगावेश

उत्तर : उघड्या पितळेत नको. साबण अल्कधर्मी असतो, पाणी आणि हवा सोबतीला आली की तांबं हिरवं पडतं, आणि तांब्यामुळं साबणातलं तेल लवकर खवट होतं. वडीवर तपकिरी डाग दिसू लागतात. कल्हई करून घेतली तर बिनधास्त ओता. कथील २३२ अंशांना वितळतं, आपला साबण ६५ चा, त्याला काही होत नाही. पण नंतर ती वाटी चिंचेनं घासायची नाही. कल्हईवाला मिळत नसेल तर आत बसेल अशी स्टीलची किंवा काचेची छोटी वाटी शोधा आणि पितळेची बाहेरून शोभेला ठेवा.

ॲल्युमिनियम आणि हिंडालियमही नको, काळं पडतं. चकाकी लावलेली चिनी माती उत्तम. कुंभाराकडची बिनचकाकीची मातीची वाटी मात्र पाणी पिते, आणि बाहेरून पांढरा क्षार फुलतो. पातळ पारदर्शक प्लास्टिकची बरणी गरम साबणानं वाकडी होते. पॉलिप्रॉपिलीनची (तळाशी ५ चा आकडा असतो) टिकते.

प्रश्न : पावसाळ्यात वाटीतल्या साबणावर घामासारखे थेंब येतात. साबण खराब झाला का?
— राधानगरी

उत्तर : नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि राधानगरीकडच्या पावसात हवेला पाण्याची कमी नसते. ते थेंब ग्लिसरीन आणि पाण्याचेच आहेत, कोरड्या कापडानं टिपून घ्या. दाढी झाल्यावर वाटीतला फेस आणि पाणी ओतून द्या, वाटी बाथरूममध्ये न ठेवता पंखा लागेल अशा जागी अर्धा तास उघडी ठेवा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच झाकण लावा. ओल्यावर झाकण घातलं तर रात्रभर आत दमटपणा कोंडतो. मार्च ते मे मात्र उलट करा. तेव्हा उघडा ठेवला की थर आकसून तडकतो, म्हणून कोरडा झाला की लगेच झाकण.

प्रश्न : माझी वडी पांढरी आणि कडक आहे, पारदर्शक नाही. चमच्यात वितळलीच नाही, नुसती लगदा झाली.
— कागल

उत्तर : ती यंत्रात दाबून घट्ट केलेली वडी आहे, तिला आच लावून फायदा नाही. मध्यम किसणीवर किसा, १०० ग्रॅम किसाला एक ते दोन छोटे चमचे गरम पाणी शिंपडा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. मग थोडा थोडा कीस वाटीत घालून अंगठ्यानं, जमल्यास दुसऱ्या छोट्या वाटीच्या बुडानं, घट्ट दाबत जा. मधे हवा राहिली तर तिथं पाणी साठून थर सुटतो. दोन-तीन दिवस उघडं वाळवा. किसायचा कंटाळा असेल आणि वडी वाटीत मावत असेल, तर वडीचा तळ ओला करून दाबून बसवा. दोन दिवसांत चिकटते.

प्रश्न : वितळवतानाच खोबरेल, कोरफडीचा गर आणि थोडं ग्लिसरीन घातलं तर त्वचेला चांगलं ना? शिवाय चंदनाचं तेल घालायचं आहे. फेस दाट व्हावा म्हणून स्टिअरिक ॲसिड घालू का?
— इचलकरंजी

उत्तर : खोबरेल फेस मारतं. कोरफडीच्या गरात पाणी असतं, वडी मऊ पडते आणि पुढं बुरशी धरू शकते. ग्लिसरीन आधीच भरपूर आहे, आणखी घातलं तर फेस पातळ होतो आणि पावसाळ्यात घाम दुप्पट. स्टिअरिक ॲसिड अल्कलीशिवाय साबण होत नाही, नुसतं घातलं तर दाणेदार आणि चिकट गोळा राहतो. कॉस्टिक पोटॅश आणून ते घरी जुळवायच्या भानगडीत पडू नका. पांढरी केओलिन माती १०० ग्रॅमला सपाट अर्धा चमचा, दोन चमचे साबणात आधी घोटून मग घातली, तर ब्लेड जास्त सरकतं. तेवढी एकच भर आम्ही सुचवू. मुलतानी खरखरीत असते, आणि हळदीनं ब्रशचे केस पिवळे पडतात.

चंदनाचं तेल साबण ५५ अंशांच्या आसपास आल्यावर, ओतायच्या आधी घाला. १०० ग्रॅमला एक मिलिलिटर, म्हणजे २० थेंब पुरेत. गरम असताना घातलं तर महागडा वास स्वयंपाकघराला लागेल, साबणाला नाही. दालचिनी आणि लवंगेचं तेल ताज्या दाढीवर झोंबतं, ते घालू नका.

फेस दाट हवा असेल तर मूळ उपाय पाण्यात आहे. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरी साय करतं, फेस बसतच नाही. दाढीपुरतं पाणी आरओ यंत्रातलं घ्या. मग ओल्या, झटकलेल्या ब्रशनं वाटीत पूर्ण ३० सेकंद फिरवा आणि पाणी थेंब थेंब वाढवा. ग्लिसरीनचा फेस लवकर वाळतो, एका वेळी निम्म्याच चेहऱ्याला लावा.

प्रश्न : आमचं छोटं सलून आहे. मोठ्या भांड्यात अर्धा किलो साबण ओतून ठेवला तर सोयीचं पडेल?
— शाहूपुरी

उत्तर : सोयीचं पडेल, पण एकाच भांड्यात सगळ्यांचा ब्रश फिरणार. कापलेल्या चेहऱ्यावरून आलेला ब्रश पुन्हा साबणात, असं नको. त्याऐवजी अर्धा किलो एकदाच वितळवून सिलिकॉनच्या बर्फाच्या साच्यात ५-५ ग्रॅमचे खडे पाडा. एका गिऱ्हाइकाला एक खडा, स्टीलच्या वाटीत, दाढी झाली की उरलेलं धुऊन टाकायचं. खडे सुटत नसतील तर साचा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. इथं दव आलं तरी बिघडत नाही, पुसून हवाबंद डब्यात भरा.