प्रश्न तुमचे: भूकंपशास्त्राची सहल, परिसंवाद आणि नोकरी

भूकंपशास्त्राच्या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत.

बीएस्सी भूगर्भशास्त्राच्या २४ विद्यार्थ्यांना दोन दिवस कोयना परिसरात न्यायचे आहे. काय दाखवावे? काय टाळावे? (प्राध्यापिका, सांगली)

निघण्याआधीच मुलांना एक गोष्ट सांगून ठेवा: भूकंपाची भेग बघायला मिळणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ मॅग्निट्यूडचा धक्का बसला तेव्हा या भागात जमिनीला भेगा गेल्या होत्या. पण इतक्या वर्षांचा सह्याद्रीचा पाऊस, नांगरट आणि गवत यांनी त्या कधीच बुजवल्या. हे सांगितले नाही तर मुले रस्त्याकडेच्या प्रत्येक फटीला ‘फॉल्ट’ (भ्रंश, म्हणजे जिच्यावर खडक सरकला आहे अशी भेग) म्हणू लागतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. घाटात दिसतो तो बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक), पण भूकंप घडतात ते बहुतांशी त्याच्या खालच्या ग्रॅनाइट-नाइस खडकात. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधन केले, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट हा पायाभूत खडक लागला. म्हणून पहिला दिवस कराडला घालवा. तिथल्या हजारमाची येथील बोअरहोल जिओफिजिक्स संशोधन प्रयोगशाळेत या भागातल्या विंधनांतून काढलेले खडकाचे गाभे (दंडगोल नमुने) आहेत. महाविद्यालयाच्या पत्राने काही आठवडे आधी परवानगी मागा. पत्रात विद्यार्थ्यांची संख्या, वर्ष आणि नेमके काय पाहायचे ते लिहा. गाभ्याच्या पेटीत वरची बाजू कोणती, खोली कुठून कुठपर्यंत, हे आधी वाचायला शिकवा. तुकडा उचलून उलटा ठेवला गेला की पुढच्या माणसाचे सगळे मोजमाप चुकते.

दुसऱ्या दिवशी घाटातले छेद पाहा: लाव्हाचे थर, दोन थरांमधली लाल माती, असल्यास डाइक (खडकाच्या भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाची भिंत). सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटाकडे क्लिनोमीटर कंपास (दिशा आणि उतार मोजणारे होकायंत्र), दहापट भिंग, पाच मीटरचा टेप आणि पक्क्या पुठ्ठ्याची वही हवी. हातोडा गटात एकच द्या, सोबत गॉगल. कंपास वाचताना हातोडा आणि गाडी दूर ठेवायची हे सगळेच सांगतात. पण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. कंपास कड्याला टेकवून वाचला की काटा काही अंश सहज फिरतो. वहीचा पुठ्ठा खडकाच्या प्रतलाला (सपाट पृष्ठाला) समांतर धरावा, दोन पावले मागे येऊन दिशा घ्यावी आणि तीच नोंद तिघांनी वेगवेगळी करावी. तिघांत पाच अंशांहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजावे.

सांधा (खडक न सरकता पडलेली भेग) आणि भ्रंश यांत इथे हमखास गल्लत होते. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात. त्यांचा भूकंपाशी संबंध नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंचा एखादा थर वरखाली किंवा आडवा सरकलेला दाखवता आला, किंवा प्रतलावर घासल्याचे ओरखडे सापडले, तरच भ्रंश म्हणावे. हा नियम मुलांकडून वहीत लिहून घ्या.

सहल जानेवारी-फेब्रुवारीत काढा. नोव्हेंबरात गवत छातीएवढे असते आणि खडक दिसतच नाही. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची आणि धरणाच्या जागी जलसंपदा विभागाची परवानगी लागते. दोन्ही अर्ज वेगळे.

मी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भूगर्भशास्त्र कधी शिकलो नाही. माझी वाट बंद झाली का? (विद्यार्थी, सातारा)

उलट, भूकंपशास्त्रात भौतिकशास्त्र-गणितवाल्यांची फार गरज असते. लाटांचे समीकरण, फूरिए रूपांतर आणि संभाव्यता पक्की असेल तर खडकांची नावे वर्षभरात येतात. याच्या उलट प्रवास जास्त अवघड जातो.

पदव्युत्तर पातळीवर जिओफिजिक्स (भूभौतिकी) घ्या. मुंबई व धनबादच्या आयआयटी, बनारस हिंदू विद्यापीठ, उस्मानिया आणि आंध्र विद्यापीठ ही नावे पाहा. आयआयटींसाठी जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पात्रतेत भौतिकशास्त्राबरोबर गणित किती वर्षे हवे, हे त्या-त्या वर्षीच्या पुस्तिकेतच वाचा. शेवटच्या सत्रात गणित सोडल्यामुळे पुष्कळ अर्ज बाद होतात. पुढे संशोधनासाठी हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), डेहराडूनची वाडिया संस्था, गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था आणि नवी मुंबईतील भूचुंबकत्व संस्था आहेत. सीएसआयआर-नेट पृथ्वीविज्ञानात द्यावी. गेटच्या ‘जीजी’ पेपरात भूगर्भशास्त्र व जिओफिजिक्स असे दोन पर्याय असतात. तुम्ही दुसरा निवडाल.

सरकारी नोकरीचा मोठा दरवाजा म्हणजे यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा. जिओफिजिसिस्ट पदासाठी भौतिकशास्त्रातील एमएस्सीही चालते. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे १०० आणि विषयाचे ३०० गुण, मग वर्णनात्मक मुख्य परीक्षा, मग मुलाखत. मात्र या पदावर आयुष्यभर भूकंपच हाताळायला मिळेल असे समजू नका. खनिजांसाठी चुंबकीय आणि गुरुत्वीय सर्वेक्षण हा कामाचा मोठा भाग असतो. खाजगीत तेलशोध, बोगद्यांची व मेट्रोची कंपन-मोजणी, विमा कंपन्यांचे जोखीम-गणित अशी कामे आहेत.

आजच करण्याजोगे एक काम सांगतो. पायथन शिका आणि ‘ऑब्सपाय’ हे भूकंपाच्या नोंदी वाचण्याचे मोफत साधन बसवा. एखाद्या खुल्या माहितीकेंद्रावरून जवळच्या भूकंपाची नोंद उतरवा आणि ‘पी’ (आधी येणाऱ्या) व ‘एस’ (मागून येणाऱ्या) लाटा पोचल्याच्या वेळा डोळ्यांनी खुणावा. दोन्हींतल्या सेकंदांच्या फरकाला ८ ने गुणले की किलोमीटरमध्ये साधारण अंतर येते: फरक १० सेकंद, तर अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. अशा पन्नास नोंदी तुम्ही स्वतः वाचल्या असतील तर मुलाखतीत ते लगेच कळते.

भूकंपांच्या यादीवर प्रकल्प करून परिसंवादात पोस्टर लावायचे आहे. सर म्हणतात, ‘डेटा स्वच्छ कर’. म्हणजे नेमके काय? (एमएस्सी विद्यार्थिनी, पुणे)

सर बरोबर सांगतात. पोस्टरे पडतात ती इथेच.

पहिली चूक वेळेची. आंतरराष्ट्रीय याद्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. त्यामुळे कोयनेचा ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४.२१ चा भूकंप त्यांच्याकडे १० डिसेंबर, रात्री २२.५१ असा दिसतो. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप तिथे २९ तारखेला आहे. भारतीय आणि परदेशी यादी एकत्र करताना हे जुळवले नाही तर एकच भूकंप दोनदा मोजला जातो.

दुसरी चूक खोलीची. जागतिक यादीतील कितीतरी भूकंपांची खोली नेमकी १० किंवा ३३ किलोमीटर असते. ती मोजलेली नसते; खोली ठरवता आली नाही म्हणून गणितात धरलेली असते. जमिनीचा उभा छेद काढल्यावर बिंदूंची सरळ आडवी ओळ दिसली तर तो सपाट भ्रंश समजू नका. असे भूकंप वेगळ्या रंगात दाखवा किंवा वगळा.

तिसरी चूक मॅग्निट्यूडची. एमएल, एमबी, एमडब्ल्यू ही वेगवेगळी मापे आहेत. एका स्तंभात सरमिसळ चालत नाही. शिवाय लहान भूकंप सगळे नोंदले जात नाहीत. कोणत्या मॅग्निट्यूडच्या वर यादी पूर्ण आहे ते आधी ठरवा आणि त्याच्या वरच्याच भूकंपांच्या मॅग्निट्यूड-संख्या आलेखावर रेषा बसवा. अपूर्ण भाग आत घेतला की रेषा चपटी होते, ‘बी’ किंमत (या रेषेचा उतार) खोटी कमी येते आणि त्यावरून ‘ताण वाढतो आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. याच कारणाने १९९० च्या आधीची आणि नंतरची भूकंपसंख्या सरळ शेजारी मांडू नका. मधल्या काळात केंद्रे वाढली, म्हणून नोंदीही वाढल्या.

परिसंवादाला पाठवायच्या सारांशात ‘निष्कर्षांवर चर्चा केली जाईल’ असे कधीही लिहू नका. कोणती यादी, कोणता काळ, किती भूकंप आणि काय आकडा आला, एवढे लिहिले की पुरे. इंडियन जिओफिजिकल युनियनचे वार्षिक अधिवेशन आणि रुरकीतील भूकंप अभियांत्रिकी परिसंवाद यांवर लक्ष ठेवा.

स्थापत्य अभियंत्याला या क्षेत्रात जागा आहे का? (बीई स्थापत्य, लातूर)

आहे. गेट देऊन रुरकीच्या आयआयटीत भूकंप अभियांत्रिकीचे एमटेक करा. तो विभाग १९६० पासून आहे. त्याआधी आयएस १८९३ आणि आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या संहिता मुळातून वाचा. खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगची टोके १३५ अंशांत का वळवायची, हे समजावून सांगणारा अभियंता लातूरला हवाच आहे.

‘प्रोजेक्ट असोसिएट, क्षेत्रीय काम’ अशी जाहिरात पाहिली. रोज काय करावे लागते? (नोकरीच्या शोधात, कोल्हापूर)

मुख्य काम म्हणजे तात्पुरती भूकंपमापन केंद्रे बसवणे आणि चालू ठेवणे. जागा रस्ता, विहिरीचा पंप, पवनचक्की आणि मोठे झाड यांपासून लांब हवी. वाऱ्याने मुळे हलतात तेही यंत्राला कळते. सुमारे मीटरभर खड्डा घेऊन, शक्यतो खडकावरच, काँक्रीटचा छोटा ओटा घालतात. हा ओटा खोलीच्या भिंतीला चिकटता कामा नये, नाहीतर दार आपटल्याची नोंद होते. यंत्रावरच्या पातळीदर्शकाचा बुडबुडा मध्यात आणायचा, बाण उत्तरेला लावायचा आणि उष्णतेपासून थर्माकोलने झाकायचे. बॅटरी १२ व्होल्टची असते, सौर पॅनलवर चालणारी.

यंत्राच्या घड्याळाला वेळ देणारा जीपीएसचा अँटेना आभाळ मोकळे दिसेल तिथेच लावा. झाडाखाली लावला की घड्याळ सरकते, आणि एका सेकंदाची चूक म्हणजे सुमारे सहा किलोमीटरची चूक. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून ती लोखंडी पाइपातून न्यावी. पावसाळ्यात पॅनल पुरत नाही. जूनच्या आधी बॅटरी वाढवा.

दर भेटीत घड्याळाची स्थिती, व्होल्टेज आणि उतरवलेल्या फायलींचा आकार जागेवरच वहीत लिहा. फाइल तिथेच उघडून पाहा आणि मगच निघा. नाहीतर आठवड्याने कळते की यंत्राच्या तीन घटकांपैकी (प्रत्येक एका दिशेची हालचाल नोंदतो) एक सरळ रेषा काढत बसला होता. जागेच्या मालकाला काय बसवले, का, आणि कितीदा येणार ते आधी नीट समजावून सांगा. कुंपणाकडे रोज लक्ष तोच ठेवणार आहे.