टाक्यात अचानक माशांची पिल्लं दिसली? आधी एवढंच बघा

अभिनंदन! पिल्लं दिसली म्हणजे तुमच्या टाक्याचं पाणी त्यांना मानवलंय.

जात ओळखायची घाई मात्र करू नका. पहिल्या आठवड्यात बहुतेक पिल्लं म्हणजे दोन डोळे आणि एक काडी. त्यामुळे आधी आठवा, टाक्यात मोठे मासे कोणते आहेत? डासांच्या अळ्या खायला कधी गप्पी मासे सोडले होते का? बाहेरून जलपर्णी आणली होती का? मुळांना चिकटून अंडी येतात. निम्मं उत्तर इथेच मिळतं.

मग पांढऱ्या वाटीत पाण्यासकट एखादं पिल्लू घ्या, वरून आणि बाजूनं फोटो काढा, लगेच परत सोडा.

- गोल डोकं आणि नुसती शेपटी: बेडकाची पिल्लं. पावसाळ्यात हा घोळ हमखास होतो.
- जन्मल्याबरोबर पृष्ठभागाजवळ चपळ पोहणारी, साधारण ६-७ मिमी: बहुधा गप्पी. ते अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात.
- सुरुवातीला झाडांना, भिंतीला चिकटलेली, मग मातकट रंगाची: गोल्डफिश असू शकतात. केशरी रंग यायला काही महिने लागतात. ‘रंग नाही म्हणजे गोल्डफिश नाही’ असं समजून अनेकांनी ती टाकून दिलीत, फार वाईट वाटतं.

खाणं चिमूटभरच. उकडलेल्या अंड्याचा बलक जास्त पडला की पाणी नासतं आणि पिल्लं मरतात. आणि जास्त झाली तरी नदी-तळ्यात कृपया सोडू नका, गप्पी तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढा, तोवर पंख नीट दिसू लागतील.