वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपच्या हौद्याला नव्या फळ्या

प्रश्न : मी गेली अकरा वर्षे अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. मागच्या वर्षी एका शेतकऱ्याकडून १९५३ सालची शेव्हरोले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप विकत घेतली. इंजिन आणि ब्रेक यांचे काम झाले आहे. परंतु हौद्याच्या फळ्या इतक्या कुजल्या आहेत, की मधोमध उभे राहिल्यास खालचा रस्ता दिसतो. तयार ओकच्या फळ्यांचे संच येथे मिळतात. सांगलीला असलेले वडील मात्र ‘सागवानच लाव’ म्हणतात आणि येथील मित्र वॉर्निश मारून तळ काचेसारखा चकचकीत करायला सांगतात. लाकूड कोणते घ्यावे, त्यावर काय लावावे आणि फळ्या एकमेकींना घट्ट भिडवाव्यात की मध्ये फट ठेवावी?

उत्तर : आपण सर्वांत शेवटी विचारलेला प्रश्न मी आधी घेतो, कारण लाकूड आणि रंग यांबाबतची चूक पुढे निभावून नेता येते, फटीबाबतची येत नाही. फट ठेवायचीच.

आपल्या गाडीच्या तळाची मूळ रचना पाहिली, म्हणजे कारण लक्षात येईल. या हौद्याला खालून आडवे पोलादी बीम आहेत, त्यांवर गाडीच्या लांबीच्या दिशेने फळ्या बसतात आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर एकेक लांब पोलादी पट्टी येते. ही पट्टी दोन्ही फळ्यांच्या कडांना काढलेल्या खाचेत बसते आणि तिच्यातील चौकोनी भोकांतून उतरणारे कॅरेज बोल्ट (गोल डोक्याचे, चौकोनी मानेचे) फळीला न भोसकता, दोन फळ्यांमधल्या फटीतून थेट खालच्या बीमपर्यंत जातात. याचा अर्थ असा, की चेसिसला हौदा बांधणारे बोल्ट सोडले, तर फळी कोठेही खिळलेली नाही. ती पट्टीखाली दाबून धरलेली आहे आणि पावसाळी हवेत फुगताना किंवा हिवाळ्यात आटताना तिला डावी-उजवीकडे सरकायला जागा ठेवलेली आहे. ही फट पट्टीखाली झाकली जाते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला फळ्या सलग दिसतात आणि नवशिक्याला त्या घट्टच बसवल्या आहेत असे वाटते.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते. साध्या पद्धतीने चिरलेली पांढऱ्या ओकची सहा इंच रुंदीची फळी तिच्यातला ओलावा आठ टक्क्यांवरून बारा टक्क्यांवर गेला, तर सुमारे सव्वादोन मिलिमीटर रुंद होते. एका फळीच्या हिशेबात ही वाढ क्षुल्लक वाटेल. पण आपला हौदा ५० इंच रुंद आहे आणि सगळ्या फळ्यांची वाढ एकत्र केली, तर ती पाऊण इंचाच्या जवळ जाते. पट्टीखाली प्रत्येक सांध्याला दोन सूत, म्हणजे पाव इंच फट ठेवली, तर ही वाढ सहज सामावते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे सांगितले, तर ते खोटे ठरेल. डेट्रॉइटजवळ नोकरीला असताना मी आणि माझ्या एका सहकाऱ्याने त्याच्या अशाच गाडीचा तळ जानेवारीत, हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये बदलला. बाहेर बर्फ होते आणि आत हवा कोरडी ठणठणीत होती. सुताराच्या घरात वाढल्याचा मला तेव्हा भलताच अभिमान होता, त्यामुळे सांध्यात पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही इतक्या घट्ट फळ्या मी लाकडी हातोड्याने ठोकून बसवल्या आणि बोल्टांपुरत्या अर्धगोल खाचा कडांना कोरल्या. जुलैत फाळका उघडून पाहिले, तेव्हा मधल्या तीन फळ्या मिळून पालथ्या परातीसारख्या उचलल्या गेल्या होत्या, त्यांच्यावरची एक पट्टी कमानीसारखी वाकली होती आणि एका बोल्टची चौकोनी मान पट्टीच्या भोकातून ओरबाडत वर आली होती. तळ पुन्हा उकलून प्रत्येक फळीच्या कडेवर रंधा मारावा लागला. सहकाऱ्याने एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

आता लाकूड. आपल्या गाडीत कारखान्यातून आलेले लाकूड बहुधा ओक नव्हते. शेव्हरोलेच्या या पिढीच्या हौद्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील पिवळा पाइन वापरला जाई आणि तो रंगवलेला असे. तुळतुळीत ओक आणि चमकत्या स्टीलच्या पट्ट्या ही प्रदर्शनांत गाड्या मांडणाऱ्यांनी रुळवलेली रीत आहे. ती सुंदर दिसते हे नाकारत नाही. पण तिला ‘मूळ’ म्हणू नये. ओकच घ्यायचा असेल, तर पांढरा घ्यावा, तांबडा टाळावा. नाव एकच असले, तरी पाण्याच्या बाबतीत दोघांचे गुण विरुद्ध आहेत. तांबड्या ओकच्या नलिका मोकळ्या असतात, पांढऱ्याच्या गाभ्यातील नलिका आतून बुजलेल्या असतात. तांबड्या ओकचा वीतभर सरळ रेशांचा तुकडा घेऊन त्याचे एक टोक पाण्यात बुडवावे आणि दुसऱ्या टोकातून जोराने फुंकावे. पाण्यात बुडबुडे येतात. जेथून हवा जाते, तेथून पावसाचे पाणीही जाणार. संच मागवताना ‘ओक’ एवढ्या शब्दावर समाधान न मानता कोणता ओक ते लिहून घ्यावे.

आपल्या वडिलांचे म्हणणे जुन्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका, कारण तत्त्वतः ते बरोबर आहे. त्याच ओलाव्याच्या फरकाला सागाची फळी ओकच्या साधारण निम्म्यानेच फुगते आणि सागाच्या गाभ्यातील तेलामुळे कूज व वाळवी लवकर शिरत नाही. अडचण दोन प्रकारची आहे. ओहायोत चांगला साग ओकच्या कितीतरी पट महाग पडेल. शिवाय याच तेलामुळे सागावर रंग किंवा वॉर्निश नीट धरत नाही. लावण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागतो. गाडीतून अधूनमधून माती आणि लाकूडफाटा आणायचा असेल, तर मी पांढरा ओक किंवा गाठी नसलेला पिवळा पाइन घेईन आणि सागावरचे पैसे टायरांवर खर्च करीन. बाजारात मिळणारा औषध मुरवलेला पाइन घेतला, तर त्यातील तांब्याची संयुगे साध्या लोखंडाला खातात हे लक्षात ठेवून बोल्ट स्टेनलेसचे किंवा भरपूर जस्त चढवलेले घ्यावेत. ओकलाही स्टेनलेसच बरे; ओकमधील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले, की लाकडावर शाईसारखे निळे-काळे डाग उमटतात.

खरेदीपूर्वी एक गोष्ट मात्र तपासावी. शेव्हरोलेने १९५४ साली हौद्याची रचना बदलली. कडांचा वरचा काठ सपाट झाला आणि आतली मापेही पूर्वीची राहिली नाहीत. त्याच वर्षी पुढची दोन तुकड्यांची काच जाऊन सलग काच आली. त्यामुळे आपली गाडी कागदोपत्री १९५३ची असली, तरी मधल्या सत्तर वर्षांत कोणी तिला नंतरचा हौदा चढवला नाही ना, हे पाहावे. मूळ हौदा असेल, तर त्याची आतली लांबी ७८ इंच आणि रुंदी ५० इंच भरेल. मडगार्ड बाहेरच्या बाजूला असल्यामुळे तळ सरळ आयताकृती आहे, चाकांसाठी फळ्या कोरण्याची कटकट नाही.

जुन्या फळ्या काढताना घाई करू नये. कुजलेली असली, तरी प्रत्येक फळी खडूने क्रमांक घालून ठेवावी, कारण जाडी, खाचेची खोली आणि चेसिसला हौदा बांधणाऱ्या बोल्टांची भोके यांचा नकाशा तिच्यावरच आहे. गंजलेले बोल्ट पान्याने सुटणार नाहीत. त्यांची डोकी ग्राइंडरने कापावी लागतील. त्यासाठी आधी पेट्रोलची टाकी कोठे आहे ते पाहावे. आपल्या सालच्या गाडीत ती केबिनमध्ये, सीटच्या मागे उभी असते, म्हणजे हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून फार लांब नाही. ठिणग्या तिकडे उडणार नाहीत अशी दिशा धरावी, ओले गोणपाट मध्ये टांगावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

तळ उघडा झाल्यावर आडव्या बीमना टोकदार हातोडीने टोचून पाहावे. खण्णकन आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर तो बीम आधी बदलावा. हौद्याचे दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे नसतील, तर हौदा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणूनच फळ्या कापायला घ्याव्यात, नाहीतर शेवटची फळी एका टोकाला जाईल आणि दुसऱ्याला अडेल.

नव्या फळ्या घरी आल्यावर निदान दोन-तीन आठवडे गाडी जेथे उभी राहणार आहे तेथील हवेत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवाव्यात. मग सर्व फळ्या व पट्ट्या न रंगवता एकदा जागेवर मांडून पाहाव्यात, भोके पाडावीत, पुन्हा काढाव्यात आणि तेव्हाच रंगाला हात घालावा. रंग सहाही बाजूंना हवा. बहुतेक जण वरची बाजू तीन वेळा रंगवतात आणि खालची कोरी ठेवतात. मग खालून ओलावा शिरतो, फळी एका अंगाने फुगते आणि बाक धरते. फळीची टोके पाणी सर्वाधिक पितात, त्यामुळे भोकांच्या आतल्या कडा आणि टोके यांना पातळ इपॉक्सी पिईल तितके पाजावे.

चकचकीत वॉर्निशबद्दल माझे मत मित्रांच्या विरुद्ध आहे. हौद्याचा तळ आडवा असतो, त्यावर ऊन थेट पडते आणि पाणी साचते. वॉर्निशला एक ओरखडा गेला, की त्यातून पाणी आत शिरून थर साप कात टाकतो तसा सुटू लागतो, आणि मग सगळे खरवडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. गाडी फक्त प्रदर्शनाला न्यायची असेल, तर अतिनील किरणांना रोखणारे जहाजी वॉर्निश लावा. वापरायची असेल, तर रंग लावा, किंवा ज्याला आपल्याकडचे रंगारी बेलतेल म्हणतात ते जवसाचे उकळलेले तेल टर्पेंटाइनमध्ये मिसळून मुरवा आणि दरवर्षी एक हात द्या. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ते अंगणात पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावेत.

बसवताना सर्व बोल्ट हाताने सैल लावून घ्यावेत, फटींमध्ये पाव इंच जाडीचे तुकडे घालून अंतर सारखे करावे आणि मगच मधल्या पट्टीपासून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळत जावे. पट्टी खाचेत बसली, की थांबावे.

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातला, मुंबईत जोडणी झालेला शेव्हरोलेचा छोटा मालवाहू ट्रक आहे. कंपनीने फक्त चेसिस दिले होते, केबिन आणि हौदा गावच्या सुतारांनी बांधला. आता तळ गेला आहे. मिस्त्री म्हणतात, मरीन प्लाय टाकून वर चेकर्ड पत्रा ठोकू. तसे करावे का? आणि तळ बदलल्यास आरटीओची काही अडचण येईल का? — वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली जोडणीचा कारखाना सुरू केला आणि १९५४ साली तो बंद केला, तेव्हा आपले चेसिस त्या काळातले असावे. अशा गाडीला अमेरिकेतला तयार संच लागू पडणार नाही. आपला सुतार हाच आपला कारखाना होता, त्यामुळे माप जुन्या हौद्यावरूनच घ्यावे लागेल.

पत्र्याचा सल्ला मी मानणार नाही. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये पावसाचे पाणी शिरते आणि तेथून ते सुकत नाही. वरून तळ ठणठणीत दिसतो आणि खाली लाकडाचा भुसा झालेला असतो. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा यांतील हवेच्या ओलाव्याचा फरक मोठा असतो, म्हणून वर सांगितलेली फट आपल्यालाही ठेवावी लागेल. फळ्या एप्रिल-मे महिन्यांत बसवणार असाल, तर ती अर्धा सूत जास्तच ठेवा. लाकूड सागाचेच घ्या, पण कडेचा फिकट भाग असलेल्या फळ्या परत करा; टिकाऊपणा गाभ्याच्या तपकिरी लाकडात असतो, फिकट भाग कोणत्याही साध्या लाकडाइतकाच कुजतो. जुने वाडे उतरवणाऱ्यांकडे तुळया मिळाल्या, तर त्या चिरून घेण्याइतके उत्तम काही नाही. ते लाकूड अनेक दशके मुरलेले असते. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवून मोडलेले खिळे शोधा, नाहीतर वखारवाला करवतीच्या पात्याचे पैसे आपल्याकडून घेईल.

आरटीओबाबत : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा रोख नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे. त्याच मापाच्या, त्याच प्रकारच्या फळ्या घातल्याने चेसिस, इंजिन किंवा वाहनाचा प्रकार बदलत नाही, तेव्हा माझ्या मते ही केवळ दुरुस्ती ठरते. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी २०२१ साली आलेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करण्याचा विचार असेल, तर त्यातही चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा एवढीच अट आहे. मात्र ती नोंदणी धंद्याच्या वाहनाला मिळत नाही आणि तशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, म्हणून शेतमाल वाहायचा असेल तर त्या वाटेने जाऊ नये. काम सुरू करण्यापूर्वी तळाची, फाळक्याची आणि चेसिस क्रमांकाची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवावीत, आणि जुन्या फळ्यांपैकी धड राहिलेली एखादी फळी पुढील तपासणी होईपर्यंत जाळू नये.