कवळी किती रुपयांना मिळते?

"मॅडम, तीन आठवडे झाले, हा बोलतच नाही. घरात नुसती मान हलवतो. वर्गात बाईंनी काही विचारलं की खाली बघत बसतो. शाळेत कोणी काही केलं असेल का हो त्याला?"

फोनवर आईचा आवाज कापत होता. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. त्याला आपण बंटी म्हणू. नाव बदललंय, एकदोन तपशीलही.

बोलकं मूल एकाएकी गप्प झालं की माझ्याही मनात आधी शाळाच येते. पहिल्या भेटीतला पाऊण तास मी त्याच वाटेने गेले. डबा कोणाबरोबर खातोस, व्हॅनमध्ये शेजारी कोण बसतं, बाई ओरडतात का. बंटी तोंडावर हात ठेवून मान हलवत राहिला. तो हात मला दिसत होता. लाजतोय, असं समजून मी सोडून दिला. इतकी वर्षं मुलांच्या समुपदेशनाचं काम करून!

दुसऱ्या भेटीत प्रश्न बंद केले आणि क्लेचा डबा उघडला. त्याने एक तोंड बनवलं. गुलाबी ओठ, लाल जीभ, आणि आत काहीच नाही. मी पांढऱ्या क्लेचे बारीक गोळे त्याच्यापुढे सरकवले. "दात लावू या?" त्याने ते एकेक करून परत डब्यात टाकले. मग उठून माझ्या कानाशी आला आणि तोंडावरचा हात न काढता विचारलं, "काकू, कवळी किती रुपयांना मिळते?"

मग गाठ सुटायला लागली. खालचा, पुढचा एक दात हलत होता. घरात आजी रोज रात्री कवळी काढून वाटीत पाण्यात ठेवते. "तुझे खरे दात कुठे गेले?" असं याने कधीतरी विचारलं, तर आजी हसून म्हणाली, "लहानपणी चोरून गूळ खाल्ला ना, गेले सगळे." आईचं पालुपद वेगळंच, "बास झालं चॉकलेट, दात पडतील." आणि मामाने दिवाळीला आणलेला चॉकलेटचा डबा बंटीने एकट्याने, कपाटामागे बसून संपवला होता. त्याच्या हिशोबात सगळं चोख बसत होतं. चोरी केली, दात हलला. आता एकेक करून सगळे जाणार. तोंड उघडलं की चोरी पकडली जाणार, म्हणून तोंडच उघडायचं नाही.

आपण ही वाक्यं उठताबसता बोलतो आणि विसरतो. सहा वर्षांचं मूल विसरत नाही, त्यातली गंमतही त्याला कळत नाही. शिवाय एका गोष्टीमागून दुसरी घडली की पहिलीमुळेच दुसरी घडली, असं या वयात पक्कं वाटतं. "अरे, सगळ्यांचेच पडतात, घाबरतोस काय" हे आईने त्याला सांगून पाहिलं असतं, तरी उपयोग झाला नसता. सगळ्यांचे पडतात याचीच तर त्याला भीती होती. आजीचे पडलेच होते की!

मी त्याच्या हातात आरसा आणि टॉर्च दिला. दात मोजायला लावले. वीस भरले. मग क्लेचा एक दात खाली बसवला आणि त्याच्याखालून दुसरा, मोठा दात हळूहळू वर ढकलला. खालचा दात वर यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, धरून ठेवायला काही उरत नाही, म्हणून तो हलतो. चॉकलेटने दात किडतो, दुखतो, ते खरंच आहे, तेही मी लपवलं नाही. पण हा दात चॉकलेटने हलत नव्हता. "आणि आजीचे?" त्याने विचारलं. आजीचे पडले ते दुसरे दात, त्यांच्याखाली तिसरे नव्हते. यावर तो बराच वेळ गप्प बसला. हे गप्प बसणं मात्र वेगळं होतं. आईला सांगायची परवानगी मागितली, तर म्हणाला, "दाताचं सांगा. डब्याचं नको." ते मी पाळलं. डब्याचं त्याने स्वतःच, पुढे केव्हातरी सांगून टाकलं. आता लिहिते आहे ते त्याला आणि आईला विचारूनच.

आईला एवढंच सांगितलं, की पहिला दात साधारण सहाव्या वर्षी पडतो, कोणाचा पाचव्या, कोणाचा सातव्या. बहुतेकदा खालचे मधले दोन आधी. दोरा बांधून ओढू नका. तो जिभेने हलवत बसेल, बसू द्या. पडल्यावर थोडं रक्त येतं, स्वच्छ ओल्या कापडाचा बोळा काही मिनिटं दाबून धरायचा. घासाबरोबर गिळला गेला तरी घाबरण्यासारखं नसतं, बहुधा आपसूक बाहेर पडतो. पण चौथ्या वर्षाच्या आतच दात पडला, मार लागून हलला, हिरडी सुजली, किंवा मागून नवा दात आला आणि पुढचा जागचा हलेना, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. आणि आजीला म्हणावं, गुळाची गोष्ट आता पुरे.

आजीला ते लागलं. "मी आपली गंमत केली हो," म्हणत त्या स्वतः तिसऱ्या भेटीला आल्या. पण पुढचं काम त्यांनीच केलं. दात पडला तो वरणभात खाताना. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कौलं कुठली? आजी नातवाला घेऊन खाली गेल्या आणि वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर दोघांनी मिळून दात भिरकावला. "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे." टण्ण आवाज झाला म्हणे.

त्या रात्री त्याने मला फोन लावायला लावला. उंदीरमामाचा दात घेतला तर तो पडेल का, एवढंच विचारायचं होतं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं, हे मी सांगितलं.

"म्हणजे त्याला कवळी लागत नाही," बंटी म्हणाला. पलीकडे आजी मोठ्याने हसल्या. मग तो अगदी कामाचं बोलावं तसा म्हणाला, "काकू, आता एकोणीस राहिले."