नदीच्या मुखाशी असलेल्या ‘त्रिभुज प्रदेशा’ला डेल्टा का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

डेल्टा हे ग्रीक लिपीतलं चौथं अक्षर. मोठ्या लिपीत ते शेतातल्या खोपडीसारखं, तिकोनी दिसतं. इसवी सनापूर्वी 5 व्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने नाईलच्या मुखाजवळच्या गाळाच्या प्रदेशासाठी हे नाव वापरलं, कारण तिथे नदीचे फाटे फुटून तिकोनच तयार होतो. आपला ‘त्रिभुज’ म्हणजे त्याच आकाराचं वर्णन. मात्र प्रत्येक डेल्टा तिकोनी नसतो. मिसिसिपीचा तर पक्ष्याच्या पंजासारखा पसरलाय.

समुद्राजवळ उतार संपतो, पाण्याचा जोर सरतो आणि नदी गाळ टाकून देते. तोच गाळ वाटेत आला की तिला फाटे फुटतात.

आम्ही वैनगंगेकाठचे, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी पुराच्या दिवसांतलं ते गढूळ पाणी चपराळ्याला वर्धेला मिळतं, तिथून प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीत जातं. पुढे आंध्रात राजमहेंद्रीखाली, धवळेश्वरमजवळ, गोदावरीचे गौतमी आणि वसिष्ठा असे मुख्य फाटे होतात. म्हणजे तिथल्या धानाच्या बांध्यांत थोडी आमच्या गडचिरोली-भंडाऱ्याची मातीही आहे!

अकोल्याकडच्या पूर्णेचं मात्र वेगळं. ती तापीला मिळते, आणि तापी सुरतेपुढे खाडी करून अरबी समुद्रात जाते. भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर करत असलं की गाळ एका जागी ठरत नाही. कोकणातही म्हणूनच खाड्या दिसतात, गोदावरीसारखा डेल्टा नाही.