बटण शिकवायचं तर शेवटून

मुलांना रोजची हाताची कामं शिकवण्याचं काम नव्याने सुरू करताय, तर महाग खेळणी घेण्याआधी मुलाच्या घरची सकाळ नीट विचारून घ्या. इंदूरच्या घरात पोहे होतातच. त्यांवर चिमटीने शेव भुरभुरणं हा अंगठा-तर्जनीचा उत्तम सराव आहे. मटार सोलणंही तसंच, फक्त लहान मुलाजवळ मोठं माणूस हवं. दाणा घशात अडकू शकतो.

आधी बसणं बघा. पाय लोंबकळत असतील तर हात स्थिर राहत नाहीत. पायाखाली पाट द्या.

बटणापाशी बहुतेक जण घाई करतात. अंगातल्या शर्टावर सुरुवात नको, मान वाकवून मुलाला बटण धड दिसत नाही. शर्ट टेबलावर पसरा, कॉलर मुलाकडे, म्हणजे डावं-उजवं अंगात घातल्यासारखंच राहतं. बटण मोठं, काज सैल. बटण अर्धं काजातून तुम्ही काढा, शेवटचं ओढणं मुलाचं. ते आधाराशिवाय जमू लागलं की एक पायरी मागे या, म्हणजे त्याआधीची पायरीही मुलाला करू द्या. दरवेळी काम पुरं होतं ते मुलाच्याच हातून, म्हणून त्याचा उत्साह टिकतो.

कणीक हाताला चिकटलेली सहन होत नसेल तर हात धरून बुडवू नका, कृपा करून. कोरडा रवा चमच्याने ढवळू द्या, मग बोटांनी.

आणि आईला शाळेच्या घाईत हे करायला सांगू नका. संध्याकाळची दहा मिनिटं मागा.